म्हाताऱ्यासमोरची जागा

खोक्याचे सगळे स्क्रू निघाले, क्रेनचा आकडा वरच्या कडीत अडकला, तरी म्हाताऱ्याच्या समोर अजून कुणीच उभं नव्हतं.

राजवाड्याच्या बागेतले बाकीचे पुतळे केव्हाच उघडले होते. थंडीत दगड तडकू नये म्हणून ऑक्टोबर सरता सरता त्यांच्यावर लाकडी खोकी चढतात, ती एप्रिलात उतरतात. फुलांची टोपली घेतलेली वसंतदेवी, नाक गेलेला हरक्युलिस, सगळे ओलसर आणि हिरवट, नुकतेच झोपेतून उठल्यासारखे. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. राजवाड्यामागच्या गल्लीतले झाडून सगळे रहिवासी शेवटच्या खोक्याच्या पाठीमागे थर्मास आणि केकचे ट्रे घेऊन दाटीवाटीने उभे होते. त्या खोक्यात होता काळ. पंख फुटलेला, लांब दांड्याचा विळा घेतलेला दगडी म्हातारा.

खोकं उतरताना त्याची पहिली नजर ज्याच्यावर पडते, तो माणूस खोकं परत चढताना बघायला उरत नाही, असं गल्लीत म्हणतात. म्हणजे तोंडाने कुणी म्हणत नाही, सगळे फक्त मागे उभे राहतात. समोरची जागा पाहुण्यांची. एल्बेकाठचं हे शहर बघायला आलेल्या कुणाला तरी तिथे अगदी अदबीने नेऊन उभं करतात, फोटोला उजेड इथूनच चांगला मिळतो म्हणून सांगतात. एका वर्षी समोर कुणीच नव्हतं, तर म्हाताऱ्याने दगडी मान करकरत वळवून मागे पाहिलं होतं. त्या उन्हाळ्यात गल्लीतली तीन घरं रिकामी झाली. मानेवरची चीर अजून दिसते. ती हिमाने पडली असं ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं.

आज पाऊस भुरभुरत होता आणि पर्यटकांची बस आलीच नव्हती.

बेकरीवाल्या पीचबाईंनी गर्दीवरून नजर फिरवली आणि ती बरोबर हार्टविग नोआकवर आणून थांबवली.

"नोआकसर, तुमचा तर या सगळ्यावर विश्वास नाही ना?"

नोआकने जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. दगडाला डोळे असतात, पण नजर नसते, हे त्याने गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते बाकावर बसत असल्यापासून ऐकवलं होतं. दर एप्रिलात तो त्यांना हसत असे. अर्थात मागे उभा राहूनच, कारण बायकोला सोबत हवी असायची.

आता ते सगळे त्याला समजावू लागले. एकाने सांगितलं की सरांची तब्येत तर घोड्यासारखी आहे. दुसऱ्याने आठवण करून दिली की गेल्याच वर्षी खुबा नवा बसवलाय, इतका खर्च करून कुणी उगाच मरतं का. क्रेनवाला वरून ओरडला की त्याला अजून चौकातले घोडे उघडायचे आहेत.

ओटीलीने नवऱ्याची बाही धरली. "नको जाऊस. हसतील तर हसू देत."

"दगड आहे गं तो," नोआक म्हणाला आणि बाही सोडवून पुढे गेला.

समोर उभं राहिल्यावर मात्र त्याला ओल्या फळ्यांचा वास आला. आणि फळ्यांच्या आत कुणीतरी बराच वेळ उभं राहून अवघडल्यावर पाय बदलावा, तसा बारीक आवाज. त्याने खोक्यामागच्या लोकांकडे पाहिलं. सगळे केककडे बघत होते.

इतक्यात पायवाटेवरून एक तरुण बाई आली. लाल लोकरी टोपी, हातात भिजलेला नकाशा, पोट सातव्या-आठव्या महिन्याचं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तिने सांगितलं की ती पोर्तुगालहून आलीय, नवरा गाडी लावतोय, आणि इथे उभं राहून फोटो काढला तर चालेल का.

गल्लीतल्या सगळ्यांनी केकवरून नजरा उचलल्या.

नोआकने तिच्या पोटाकडे पाहिलं. मग खोक्याकडे. मग ओटीलीकडे पाहायचं टाळून तो बाजूला सरकला.

"या ना, इथेच उभ्या राहा," तो म्हणाला. "उजेड इथूनच चांगला मिळतो. द्या, मी काढतो फोटो."

तिने आनंदाने मोबाइल त्याच्या हातात दिला आणि म्हाताऱ्याकडे पाठ करून, पोटावर हात ठेवून उभी राहिली. तिची टोपी आणि वरचे पंख दोन्ही फोटोत यावेत म्हणून नोआक तिच्याकडे तोंड करून एक एक पाऊल मागे जात राहिला. क्रेनची साखळी ताणली गेली. खोकं हलकेच वर उठलं. त्याने बटण दाबलं.

ती धावत आली, पडद्यावर वाकली आणि खुदकन हसली.

"अय्या, किती छान आलाय. माझ्या डोक्यावरून बघतोय बघा. अगदी तुमच्याकडेच."

नोआकने मोबाइलवरून नजर वर केली नाही.

मागच्या गर्दीत कपबश्या वाजल्या, थर्मास उघडले गेले, कुणीतरी सुटल्यासारखं मोठ्याने शिंकलं. ओटीली तेवढी जागची हलली नाही. पीचबाईंनी केकचा सगळ्यात मोठा, मधला तुकडा कापला आणि चिखल तुडवत स्वतः घेऊन आल्या.

"घ्या सर," त्या म्हणाल्या. इतक्या मायेने त्या त्याच्याशी आजवर कधी बोलल्या नव्हत्या. "पोटभर खा."