पांढरी बशी

बशी पांढरी राहिली, तर मापाडी सुटणार होता. काळी पडली, तर धाकट्या भावाचा जीव त्याच्या माथी. सौदा सरळ होता.

दुकानामागच्या फरशीवर तो उकिडवा बसला होता. समोर धाकट्याचा स्टोव्ह, डोंगरावरून परत आलेला. शेजारी त्याचीच इंधनाची बाटली, तळाशी चार बोटं पांढरं पेट्रोल उरलेलं. दोघा भावांच्या या दुकानात तंबू, झोपायच्या पिशव्या आणि स्टोव्ह भाड्याने मिळत. माणसांना डोंगरावर नेणं धाकट्याकडे, खाली बसून मोजणं थोरल्याकडे. म्हणून तर त्याला सगळे मापाडी म्हणत. चहात साखर घालतानाही हा चमचा बोटाने सपाट करून घेतो, असं धाकटाच गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा.

मागच्या दारात भावजय बसली होती. सोळा दिवसांत ती रडली नव्हती. ताटात वाढलं की जेवत होती, विचारलं की उत्तर देत होती. आज सकाळी पहिल्यांदा ती आपणहून बोलली. "भाऊजी, पेट्रोलात भेसळ होती का, एवढंच बघून सांगा."

तिच्यामागे ट्रेकवरचा आचारी उभा होता. त्या रात्री तो शेजारच्या तंबूत झोपला होता. सकाळी चहाला हाक मारली तर धाकटा उठला नाही. अंगावर ओरखडा नव्हता. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, बंद तंबूत पेटता स्टोव्ह, विषारी वायू. मापाड्याने तो कागद तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तो 'स्टोव्ह' या शब्दावर अडकला.

कारण स्टोव्हमधलं इंधन त्याने निवडलं होतं. पूर्वी रॉकेल असे. स्वस्त, पण आधी बर्नर तापवा, मग पंप मारा, दर दोन दिवसांनी पिन मारा, आणि एवढं करून पातेली कोळशासारखी. डोंगरवाल्यांसाठी सीलबंद डब्यात येतं ते इंधन स्वच्छ, पण त्याचा भाव ऐकला की गिऱ्हाईक घरीच चहा पिणं पसंत करी. पंपावरच्या पेट्रोलने स्टोव्हचं भोक चोंदायचं. चार महिने शोधून मापाड्याने ड्रायक्लीनिंगवाल्यांचं पांढरं पेट्रोल गाठलं. सीलबंद डब्याच्या एक तृतीयांश भाव. लिटरभर पाण्याला उकळी चार मिनिटांत. ज्योतीवर चिनी मातीची बशी धरली, तर डागसुद्धा नाही. ती बशी त्याने घरभर मिरवली होती. "यात भात खा," तो भावाला म्हणाला होता.

"खातो की," भाऊ म्हणाला होता. "पण दादा, तू शितं मोजून वाढशील."

मापाड्याने पंप मारला आणि काडी लावली. ज्योत पिवळी भडकली, मग खाली बसली, निळी झाली. त्याने सांडशीने बशी वर धरली; भेसळ असेल, तर काजळी धरणार. मनात साठ आकडे मोजले. बशी उलटी करून पाहिली. पांढरी. पुन्हा धरली, आता एकशेवीस. पांढरी.

"बघ," तो म्हणाला. सोळा दिवसांत त्याचा आवाज इतका मोकळा निघाला नव्हता. "भेसळ नाही. थेंबभरही नाही."

बशी निवल्यावर भावजयीने हातात घेतली. बोट फिरवलं. बोट पाहिलं.

"मग झालं कसं?"

"बंद जागेत कुठलाही स्टोव्ह जीव घेतो. रॉकेलचा असता तरी घेतलाच असता." मापाडी हे कागदावरचं वाचल्यासारखं बोलत होता. "त्याला हे ठाऊक होतं. वीस वर्षं लोकांना तोच सांगत होता, स्टोव्ह तंबूबाहेर."

"रॉकेलचा आम्ही कधी आत घेतलाच नाही, मालक," आचारी म्हणाला.

मापाड्याने मान वळवली.

"घेणार कसा? धुराने डोळे जायची पाळी. वास तर पिशव्यांना आठवडाभर. बर्फ पडत असला तरी बाहेर कुडकुडत चहा करायचो, तुमच्या नावाने बोटं मोडत." आचाऱ्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "हे नवं आलं आणि आत घ्यायला लागलो. धूर नाही, वास नाही. त्या रात्री वारा फार होता. मी म्हटलं, बाहेर काढा. तर धाकटे मालक म्हणाले, असू दे रे, दादाने आपली सोय केलीय."

स्टोव्ह तसाच फुरफुरत राहिला. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

भावजयीने बशी फरशीवर ठेवली. "माझीही झाली होती सोय," ती म्हणाली. "कपड्यांना वास येईनासा झाला होता त्यांच्या."

मापाड्याने हिशेब करायचा नाही असं ठरवलं. पण सवय ती सवय, झालाच. दुकानाचा खर्च वाचला. आचाऱ्याचं पातेली घासणं वाचलं. भावजयीचं धुणं हलकं झालं. गिऱ्हाइकांना गरम चहा तंबूत बसल्या जागी मिळाला. जो तो थोडाथोडा फायद्यात होता, आणि सगळ्यांच्या वाटचं एकट्या धाकट्याने भरलं होतं.