विसाव्या दिवसाची बादली

बादलीची घाण येत नव्हती, म्हणजे नक्की काहीतरी गडबड होती.

भिंगरीने झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि नाक पार पाण्याला टेकेल इतकं खाली नेलं. वीट जागेवर होती. विटेखाली दाबलेली कॉम्फ्रीच्या झुडपाची पानं काळी पडून त्यांचा लगदा झाला होता. पण ज्या घाणीमुळे शेजारणीने बाल्कनीत कपडे वाळत घालणं सोडलं होतं, ती घाण गायब! उलट दवाखान्याच्या जिन्यात लग्नाला निघालेला माणूस भेटावा, तसा काहीतरी वास येत होता.

दोन दिवस शाळेच्या सहलीला काय गेली ती!

"आई! बादलीत काय टाकलंस?"

"मी कशाला काय टाकू?" आईने हातातला कांदा जरा जास्तच बारीक चिरला. "दोन झाकणं फिनेल. फक्त दोन."

"फिनेल?"

"अगं, बादली फेकून दे म्हणायचं जिवावर आलं. म्हटलं, पोरीचं मन मोडायला नको."

"आणि मग त्या फिनेलचा वास कोणी सहन करायचा?" पेपरामागून आजोबा म्हणाले. "म्हणून मी चार डांबरगोळ्या सोडल्या."

भिंगरीने बाथरूमचं दार ठोठावलं. "बाबा!"

"मी आंघोळ करतोय."

"नळ बंद आहे, बाबा."

आतून बारीक आवाजात, "थोडंसं आफ्टरशेव्ह."

तिने कपाळावर हात मारला. "अहो, फिनेलने जंतू मरतात!"

"मग बरंच झालं की," आजोबा म्हणाले.

"आजोबा, जंतूच तर काम करत होते!"

एकवीस दिवस पानं कुजवायची, मग एका भागाला दहा भाग पाणी घालून ते खत बाल्कनीतल्या टोमॅटोच्या बुंध्याशी ओतायचं. उद्या एकविसावा दिवस होता. गिटार कपाटावर धूळ खात होती, पोहणं चार दिवस टिकलं होतं, रोजनिशी सात जानेवारीला थांबली होती. भिंगरी हे नाव तिला उगाच नव्हतं पडलं. पण ही बादली तिने सहलीचे दोन दिवस सोडता नाक दाबून रोज ढवळली होती. ही तरी शेवटाला जाणार होती.

बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. अंग कोरडं ठणठणीत. "मी विकतचं आणून देतो ना. बाटलीत मिळतं. वाससुद्धा नसतो."

"मला विकतचं नकोय!"

"एवढं काय त्यात?" आई म्हणाली. "नाहीतरी तू किती दिवस..."

पुढचं तिने गिळलं. पण ऐकायचं ते भिंगरीने ऐकलं होतं.

ती तडक उठली. बादली उचलून खाली गेली, सगळं गटारात ओतलं, बादली तीनदा घासली. कुंपणाजवळची कॉम्फ्री तिने मागच्या वेळी पार जमिनीलगत छाटली होती. आता ती पुन्हा गुडघ्याएवढी माजली होती. हातमोजे घालायचं रागाच्या भरात राहूनच गेलं. वर आली तेव्हा पानांच्या लवेने कोपरापर्यंत लाल चट्टे उठले होते.

बाल्कनीत ती कात्री चालवत बसली. कचाकच, कचाकच. तिघं दाराशी उभे होते, पण आत पाऊल टाकायची कोणाची छाती होईना. पानं भरली, वर वीट ठेवली, पाणी ओतलं. झाकणावर जाड पेनाने तारीख घातली.

"आता परत किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"एकवीस. आणि कोणी हात लावलात तर याद राखा!"

"टोमॅटो थांबतील तोवर?"

"फुलांची फळं होतील तोवर. फळांना तर खत जास्तच लागतं." तिने वर बघितलंसुद्धा नाही.

फोन वाजला. मावशीचा होता. पुढच्या आठवड्यात ती राहायला यायची होती. आईने पदराला हात पुसले, फोन कानाला लावला आणि बाल्कनीकडे बघितलं. भिंगरी गुडघ्यांवर बसून काठीने पानं खाली दाबत होती.

"अगं ये ना, पण पुढच्या आठवड्यात नको," आई म्हणाली. "महिन्याभराने ये. तोवर आमच्याकडे भयंकर घाण सुटलेली असणार."