लोखंडी दाराची सावली

थापा मी पुष्कळ मारल्यात, पण गडबच्या हैबतरावांचं नक्षीच्या गजांचं लोखंडी दार मी स्वतः पाहिलंय. आई गेल्यावर धाकट्या भावाने, पोपटने, घरात पाऊल टाकू नये, एवढ्यासाठीच त्यांनी ते रोह्याहून घडवून आणलं. बाहेर वरच्या बाजूला गॅसबत्ती टांगली.

तिन्हीसांजेला दार लावलं की लक्ष्मी परत जाते म्हणतात. पोपट नेमका तेव्हाच आला. हैबतरावांनी आतून कडी घातली.

"दादा, आज आईचं वर्षश्राद्ध हाय. फोटोला हात जोडतो नि जातो."

"तिथनंच जोड. गजातून दिसतोय की."

"आवो, दिवेलागणीला दार नका लावू," गिरजाबाई स्वयंपाकघरातून नवऱ्याला म्हणाल्या.

हैबतरावांनी खाली पाहिलं. गॅसबत्तीच्या उजेडात दाराची सावली ओटीवर पडली होती. दार बंद होतं, पण सावलीतलं दार सताड उघडं. पोपट गज धरून जागच्या जागी उभा होता आणि त्याची सावली उंबरा ओलांडून आत चालली होती.

हैबतरावांनी घाईने कडी चाचपली. कडी दाराच्या पलीकडे, आतल्या बाजूला होती आणि ते स्वतः गॅसबत्तीखाली उभे होते.

आतून गिरजाबाईंचा आवाज आला, "या भावोजी, पाट मांडलाय. बाहेर ते कोण उभं हाय वो?"