ताईनं वाचलेलं वळण

शनिवारी मोटार रॅलीच्या शेवटच्या टप्प्यात ताई शेजारी बसून वहीतली वळणं मोठ्यानं वाचत होती. "पुढे डावीकडे अवघड वळण, वेग कमी कर!" मी नीट ऐकलं. पण पहिल्या क्रमांकासाठी चारच सेकंद वाचवायचे होते, म्हणून ब्रेक दाबला नाही. गाडी झाडावर आदळली. आमचं खरचटण्यावर निभावलं. प्रायोजकाच्या माणसानं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "ताईनं उशिरा सांगितलं." तिनं वही मिटली. "हो, उशीरच झाला," एवढंच म्हणाली. सोमवारी प्रायोजकाचा फोन आला. मी संघात राहणार होतो, ताईच्या जागी दुसरा कुणी येणार होता. जेवताना आई तिच्यावर कडाडली, "भावाचा जीव घेतला असतास!" ताई मान खाली घालून जेवत राहिली. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जाऊ दे गं आई. मी तिला माफ केलंय."