घाबरलं तरच सुटणारी गोळी

“दिवा अजून लालच आहे,” गोडांबेबाई वैतागल्या. “शलाकाताई, जरा घाबरा की!”

शलाकाने पिस्तुलाची मूठ आणखी घट्ट धरली. नव्या कायद्याची ही पिस्तुलं तळहाताचा घाम आणि नाडी ओळखायची. धरणारा माणूस खरोखर भ्याला, तरच पिस्तुलावरचा दिवा हिरवा होऊन चाप मोकळा व्हायचा. रागाच्या भरात कुणी गोळी झाडू नये, म्हणून ही सोय. त्यामुळे शिकायला आलेल्यांना आधी घाबरवावं लागे. साताऱ्याजवळच्या या केंद्रात ते काम गोडांबेबाईंचं. त्यांनी कानाशी फटाका फोडला, अंगावर धावणारा कुत्रा आणला. शलाकाला नुसतं हसू आलं.

“मी घरी एकटी असते, म्हणून यांनीच घेऊन दिलं हे,” ती म्हणाली. “पण मला नाही हो भीती...”

दिवा हिरवा झाला.

“शाब्बास! आता नळी समोर, आणि...” बाई थांबल्या. शलाकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाहेर पायऱ्यांवर बूट वाजत होते. मग गाडीची किल्ली बोटावर फिरवत तिचा नवरा आत आला.

“झालं का गं?” तो हसत म्हणाला.

बाईंनी शलाकाचं बोट हलकेच चापावरून काढलं. पिस्तूल मात्र तिच्याच हातात राहू दिलं.

“वेळ लागेल अजून. तुम्ही निघा, यांना मी सोडते.”

“थांबतो की.”

“निघा.”

गाडी फाटकाबाहेर गेल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे दिवा लाल झाला.

“घरीच सोडू ना?” बाईंनी विचारलं.

शलाकाने मान डोलावली. दिवा पुन्हा हिरवा झाला.