चार आवाज

मुलाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून आईनंच कुत्र्याचं पिल्लू आणून शिकवून तयार केलं. दाराची बेल, गजर, किटलीची शिट्टी, फोन. यातलं काहीही वाजलं की मुलाच्या गुडघ्याला नाक लावायचं आणि त्याला आवाजापाशी न्यायचं. वर्षभरात पिल्लू तरबेज झालं.

सोळा वर्षं आईच्या हातानं जागा होणारा मुलगा आता त्या नाकानं उठायचा आणि डोळे उघडल्या उघडल्या कुत्र्यालाच मिठी मारायचा. आईच्या पोटात दुखायचं.

"माझ्याच हातचं खाऊन माझ्याच जागेवर बसलंय मेलं," ती फोनवर बहिणीला म्हणाली.

"अगं, तूच तर शिकवलंस त्याला."

"तेच चुकलं."

फोन ठेवून ती ओट्याशीच रडायला लागली. दार सताड उघडं होतं. या घरात रडायला दार लावायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

तेवढ्यात तिच्या पायाला ओलं नाक लागलं. कुत्र्यामागोमाग मुलगा आला होता. त्यानं किटली पाहिली, फोन पाहिला. दोन्ही गप्प होती. मग त्याची नजर आईच्या चेहऱ्यावर थांबली.

त्यानं हातांनी विचारलं, "आधीपण रडायचीस?"