गुत्त्याची बांधी

शेताचे मालक केशवराव पाटील यांनी मान डोलावली आणि भोजराजला वाटलं, चला, आपला प्रबंध मार्गी लागला.

"आज दिवसाची रोजी नाही, गुत्ता," धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून त्यानं जमलेल्या बायांना पुन्हा समजावलं. "धानाची ही बांधी पुरी रोवून द्या आणि ठरलेले पैसे आपसात वाटून घ्या. जितकं लवकर उरकाल तितक्या लवकर घरी. वरून वाटाही रोजीपेक्षा जास्त."

तुमसरच्या दुकानदाराचा हा पोरगा नागपूरला एम.ए. करत होता. विकासाचं अर्थशास्त्र हा विषय. गुत्त्यानं काम दिलं तर बायांची कमाई वाढते, एवढं एकोडी गावच्या चिखलात दाखवून दिलं की सर त्याचं नाव विलायतेच्या विद्यापीठाकडे धाडणार होते.

"पाटील आपणहून जास्त देऊन राहिले?" शकुनबाईनं हनुवटीला बोट लावलं. "सूर्य कोणीकडून उगवला पाहा वो बायांनो!"

सगळ्या खिदळल्या. गोष्ट हसण्यावारीच गेली असती. पण त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, बायजाबाई, पदर खोचून बांधीत उतरली.

"पोरगं शिकून राहिलं," ती म्हणाली. "आपल्यानं त्याचं भलं होत असंन, तं करा ना वो त्याच्या मनासारखं."

मग काय, तिच्यामागून सगळ्याच उतरल्या.

कीर्तनात बुवांचं चरण पुरं होईतो टाळकरी पुढचा ठेका उचलत नाही. एकोडीत रोवणीची रीतही तशीच. वडील बाई रांगेच्या टोकाला उभी राहते, देवाचं गाणं धरते, बाकीच्या ते झेलतात. तिचं कडवं सरलं की साऱ्या जणी एकदम पाऊल मागं घेतात. तिच्याआधी कुणी पाय हलवत नाही. रांग मोडली तर लक्ष्मी रुसते, असं म्हणतात. थकल्या जिवाला कुणी एकटं पाडू नये म्हणून कोण्या पुण्यवंतानं ही मेख मारून ठेवली असावी.

बायजाबाईनं गाणं धरलं. आवाज अजून गोड होता, पण कंबर साथ देत नव्हती. कडव्याच्या मध्येच ती गुडघ्यावर हात टेकून उभी राही, आणि सगळी रांग परे, धानाची रोपं, हातात धरून वाट पाही. काल असं झालं तेव्हा बायांनी तेवढ्यात कमरा मोकळ्या केल्या होत्या, थट्टामस्करी केली होती. आज कुणी हसलं नाही. शकुनबाईनं एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा उरलेल्या बांधीकडे.

"मोठीमाय, तू धुऱ्यावर बस व," ती म्हणाली.

"काहून? मी थकली थोडीच."

"तू नाही थकली. आमी थांबून राहिलो ना."

"रोज नाही थांबत का वो?"

"रोजीत थांबलं तं पाटलाचं जाते," शकुनबाई खाली वाकतच बोलली. "आज आपलं जाते."

हिला परे धरायला बायजाबाईनंच शिकवलं होतं. म्हातारीनं भोजराजकडे पाहिलं. त्यानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला. बदलाची झळ कुणाला तरी लागतेच, असं सर वर्गात सांगत. वर्गात ते पटलंही होतं.

ती धुऱ्यावर येऊन बसली. सवयीनं तोंडात गाणं आलं.

"गाऊ नोको व माय," खालून पुष्पाबाई म्हणाली. "हात गाण्याच्या मागं जाते, काम हळू होते."

बायजाबाई गप्प झाली. पण रिकामं बसणं तिच्या हाडात नव्हतं. थोड्या वेळानं ती उठली, पऱ्यांच्या पेंढ्या उचलून बायांच्या पुढ्यात फेकू लागली. कुणाला हातातलं काम टाकून धुऱ्यापर्यंत यावं लागलं नाही. बांधी भराभर हिरवी होत गेली.

दिवस मावळायच्या आत काम उरकलं. केशवराव पाहायला आले आणि खूश झाले.

"वा गा भोजराज! पुढच्या सालापासून सारं शिवार गुत्त्यानंच. म्हाताऱ्यांची खोगीरभरती बंद." त्यांनी नोटा त्याच्याच हातात दिल्या. "घे, तूच वाट. किती वाटे करतो?"

बाया पाय धुऊन त्याच्याभोवती जमल्या.

"मोठीमायनं परे फेकले ना जी दिवसभर," पुष्पाबाई हळूच म्हणाली. "तिचा?"

 शकुनबाईनं पदराला हात पुसत भोजराजकडे पाहिलं. "आमाले काय इचारता? नेम साहेबाचा. साहेबानंच सांगावं."

भोजराजनं मनात हिशेब मांडला. एक वाटा वाढला की प्रत्येकीचा वाटा रोजीच्या जवळपास येत होता. मग दाखवायला उरलं काय? बायजाबाई त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत मागणं नव्हतं. नुसतं कौतुक होतं, शिकलेल्या पोराचं.

"वाटा रोवणाऱ्यांचाच," तो म्हणाला.

बायजाबाईचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखले होते. ते तिनं पदराखाली घेतले.

"बरोबर हाय बाबू," ती म्हणाली. "मी तं बसूनच होती."